सरावाचं वाक्य

५ जून

ताई,

आधी खाली बस. दारातच उभ्यानं पत्र फोडायची तुझी सवय मला माहीत आहे, आणि ही बातमी उभ्यानं वाचायची नाही. कादंबरी घेतली! म्हणजे प्रकाशकांनी घेतली. लोक घेतात की नाही ते पुढचं पुढे.

तू टाइप करून दिलेली प्रत टेबलावर होती. तिच्यावर हात ठेवून ते म्हणाले, "बाई, टायपिंग फार सुरेख आहे." कादंबरीवर यायला त्यांना आणखी दहा मिनिटं लागली. मग विचारलं, मागच्या कव्हरवर लेखिकेबद्दल काय छापायचं? मी खरं ते सांगितलं. दातांच्या लॅबमध्ये काम करते, कवळ्या बनवते, सतरा वर्षं झाली. त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "कवळ्या बनवणाऱ्या बाईची पहिली कादंबरी कोण हातात घेणार, तुम्हीच सांगा." 

त्यांच्या डोक्यात एक कल्पना आहे. गोष्टीत तिघी बहिणी आहेत आणि ती सांगते मधली, एकोणिसाव्या वर्षी घर सोडून गेलेली. तर पुस्तक त्या मधलीनंच लिहिलंय असं सांगायचं. लेखिकेचं नाव नाही, फोटो नाही. कव्हरवर नुसतं 'मधली'. "लोकांना खरी गोष्ट हवी असते," म्हणाले. मी म्हटलं, अहो पण आम्ही दोघीच आहोत. ते म्हणाले, "हे कुणाला माहीत आहे?"

ताई, तुला तर ठाऊकच आहे. त्यात सगळं खरं आहे, एक मधली सोडून. ती धाकटी म्हणजे नखशिखांत मीच आहे, आपलं घर आपलंच आहे, पायऱ्या, भिंती, आईचा खोकला, सगळं. तुझ्यामाझ्यात नऊ वर्षांची मोकळी जागा होती. तू कॉलेजात गेलीस की घरात बोलायला कुणी नसायचं, म्हणून मी त्या जागेत एक बहीण बसवली होती. तीच ही. तिला आता जरा खरं म्हणायचं, एवढंच.

कुणी फोन केला, कुणी घरी आलं, तर 'हो, आम्ही तिघी' एवढंच म्हणशील का? माझ्यासाठी? पुस्तक आलं की मी पुन्हा कधी काही मागणार नाही. (हे मी याआधीही म्हटलंय, माहीत आहे.)

तुझी धाकटी

१४ जून

धाकटे,

बसून वाचलं. वाचून रडले, हे आधी सांगते, कारण पुढे रागावणार आहे.

तुझं लहानपणापासूनचं हेच. आधी नको तो उद्योग करून ठेवायचा आणि मग ताईला हाक मारायची. मला खोटं बोलता येत नाही हे तुला चांगलं ठाऊक आहे. शेजारीण तिनं विणलेला स्वेटर दाखवून 'कसा झालाय' विचारते तर 'छान' म्हणताना माझे कान लाल होतात. आणि मी म्हणे एखाद्या पत्रकारासमोर बसून एक अख्खी बहीण उभी करायची!

पण तुझं पहिलं पुस्तक आहे. तुला नाही म्हणणं मला आजवर जमलेलं नाही, आता या वयात काय जमणार.

तर मी माझ्या पद्धतीनं लागले कामाला. तीस वर्षं टायपिंगचा क्लास चालवून मला एकच गोष्ट पक्की कळली आहे. बोटांना सवय झाली की डोकं मागून येतं. म्हणून एक वाक्य तयार केलं. 'आम्ही तिघी बहिणी. मी थोरली, मग मधली, मग धाकटी. मधली एकोणिसाव्या वर्षी घर सोडून गेली.' रोज चाळीस ओळी टाइप करायच्या. पहिल्या दिवशी एकटी बसले होते तरी कान तापले. चौथ्या दिवशी काही झालं नाही. आता कपडे वाळत घालतानाही बोटं तेच वाजवत असतात.

आणि हसू नकोस, पण सकाळच्या तुकडीला सरावाची वाक्यं संपली होती, तर मी तेच दिलं. वाक्य चांगलं आहे, दोन्ही हातांना सारखं काम पडतं. बाराजणी, प्रत्येकी चाळीस ओळी. बारा यंत्रांवर एकदम सुरू होतं तेव्हा खिडकीच्या काचा थरथरतात. काल एकीनं विचारलं, "बाई, मधली मग परत आली का?" मी म्हटलं, तुझ्या चाळीस ओळी झाल्या का?

कवळ्या बनवणं सोडू नकोस म्हणजे झालं.

ताई

२ जुलै

ताई,

मी लॅबमध्ये तुझं पत्र वाचून इतकी हसले की हातातला साचा पडून फुटला. एका आजोबांचा खालचा जबडा होता. आता त्यांना पुन्हा माप द्यायला बोलवावं लागणार.

पण अगं, क्लासला कशाला दिलंस? बाराजणींना माहीत म्हणजे गावाला माहीत. आता ते वाक्य बदल बघू, पुरे झालं.

इथे छपाईआधीचे कागद तपासतेय. रोज कामावरून आल्यावर वीस पानं. एक लक्षात आलं, सगळी चांगली वाक्यं मी मधलीला दिली आहेत. भांडण तिचं, विनोद तिचे, घर सोडतानाचं ते दोन पानांचं बोलणंही तिचं. धाकटी आपली दाराआडून बघत असते. लिहिताना हे मला जाणवलंच नव्हतं. तपासताना दोनदा चूक झाली, तिचं वाक्य वाचताना मी मोठ्यानं 'हो ना' म्हटलं, कुणी समोर बसून बोलत असल्यासारखं.

प्रकाशन ३० ऑगस्टला ठरलं. प्रकाशकांनी जाहिरातीचे कागद छापून पुस्तकांच्या दुकानांतून लावलेत. त्यावर फक्त एक ओळ. 'मधली परत येते आहे.' ओळ त्यांचीच. चौकातल्या दुकानाच्या काचेवर ती दिसली. मी रस्ता ओलांडून पलीकडून गेले.

एक पत्रकार तुझ्याकडे येणार आहे. तीनच वाक्यं बोल आणि चहा देऊन कटव.

धाकटी

१९ जुलै

धाकटे,

पत्रकार येऊन गेला. भला माणूस होता. तीन वाक्यं मी अशी म्हटली की तुला अभिमान वाटला असता. अडचण पुढेच झाली. वाक्यं संपली तरी मी बोलतच राहिले. त्यानं विचारलं, मधली कुठे झोपायची? मी म्हटलं, खिडकीशी. तिला झोप लागायची नाही, मग पडल्यापडल्या नखानं भिंत खरवडायची, आईची बोलणी खायची. हे तुझ्या पुस्तकात नाही. मीच ते टाइप केलंय, मला प्रत्येक पान माहीत आहे. कुठून आलं विचारशील तर मला सांगता येणार नाही. तो गेल्यावर मी खिडकीजवळची ट्रंक सरकवून भिंत पाहिली. खाली, झोपलेल्या माणसाचा हात पोचेल तिथे, ओरखडे आहेत. ट्रंकेचेच असतील म्हणा.

आणि काय गं, मला एका शब्दानं सांगायचंस तरी! ती बाई पाठवणार आहेस हे मला कळवायला नको?

गुरुवारी दुपारची तुकडी सुटली आणि ही दारात. हातात लहानशी बॅग. तिनं चपला काढल्या आणि न बघता कपाटात ठेवल्या, मधल्या कप्प्यात. वरचा माझा, खालच्यात अजून तुझे शाळेचे बूट आहेत, मधला रिकामाच असतो. मग भिंतीला टेकून म्हणाली, "ताई, दमले गं."

नाटकात काम करणारी असावी. पण चोख आहे हो. पायऱ्यांवरची ती हलणारी फरशी बरोबर चुकवून आली. प्रकाशकांना सांग, तिच्या जेवणाखाण्याचं मी बघते आहे, पण किती दिवस राहणार आहे तेवढं कळवा.

ताई

२५ जुलै

ताई,

मी कुणालाही पाठवलेलं नाही.

तुझं पत्र मिळालं तशी सुट्टी टाकून प्रकाशकांकडे गेले. ते आधी हसले, म्हणाले, "कल्पना झकास आहे, पण माझी नाही." मग माझा चेहरा बघून गंभीर झाले आणि म्हणाले, आईची शपथ, मी नाही. ती जाहिरात वाचून आलेली कुणी भामटी असेल. पत्रकारानं काही छापलं असेल, त्यावरून माग काढला असेल. काहीही असो, तिला आजच्या आज घराबाहेर काढ. शेजारणीला सोबत घे, एकटी बोलू नकोस.

तुला तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा एक बाई 'हं?' म्हणाली. मी माझं नाव सांगितलं की पलीकडून नुसता यंत्रांचा आवाज येतो आणि फोन ठेवला जातो. तो आवाज तुझा नव्हता.

मी निघाले असते गं. पण तुझ्याकडे यायला-जायला चार दिवस जातात, आणि पुस्तक छापखान्यात आहे, रोज काही ना काही विचारायला बोलावतात. तू नीट आहेस एवढं कळव. आणि ती दिसते कशी, ते लिही.

धाकटी

३ ऑगस्ट

धाकटे,

किती घाबरतेस! मी ठणठणीत आहे. डोळे तेवढे दुखतात, म्हणून फोन वगैरे तीच घेते.

दिसते कशी? आईच्या वळणावर गेली आहे, आपण दोघी बाबांच्या. हसताना तोंडावर हात धरते, तू लिहिलंयस तशीच. पण परवा जेवताना दोन्ही हात खरकटे होते, त्यात मी काहीतरी बोलले आणि ती खळखळून हसली. तेव्हा पाहिलं. वरचा समोरचा दात, डावीकडचा, त्याचा कोपरा उडालाय. हे कधी झालं, मी विचारलं. ती म्हणाली, "दोरा दातानं तोडायची सवय. तूच तर ओरडायचीस." आणि मला आठवलं. खरंच ओरडायचे मी. कात्री कशाला आणलीय घरात, असं म्हणायचे.

तू म्हणालीस म्हणून शेजारणीला बसवून सरळ विचारलं, तुला कुणी पाठवलं? ती शांतपणे म्हणाली, "पाठवलं कुणीच नाही. तुम्ही बोलावलंत." तुम्ही म्हणजे कोण? "तू आणि तुझ्या बारा मुली. रोज सकाळी. किती वेळा!" शेजारीण हसून घरी गेली. मलाही हसू आलं.

खोटं कशाला बोलू, धाकटे. या घरात 'ताई' म्हणून हाक मारणारं कुणी राहिलं नव्हतं. तू लिहितेस, पण लिहिलेली हाक ऐकू येत नाही. आता सकाळी उठले की स्वयंपाकघरात कुणीतरी आधीच उठलेलं असतं. दुपारची तुकडी ती घेते. बोटं फार चांगली आहेत तिची.

ताई

९ ऑगस्ट

ताई,

हे पत्र तू एकटी असताना वाच. हात जोडते.

ती हसताना तोंडावर हात का धरते, हे मी कादंबरीत लिहिलेलं नाही. वहीत नाही, कच्च्या कागदावर नाही, कुणाला बोललेही नाही. दात हा माझा धंदा आहे. तो उडालेला कोपरा मी मनातल्या मनात तिच्या तोंडात बसवला होता, दोरा तोडायच्या सवयीसकट, आणि वाचकाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. मग भामटीला तो कळला कसा? तुला तो आठवतो कसा?

आणखी एक. काल प्रकाशकांनी मला थँक्यू म्हणून पेढा खाल्ल्यासारखा चेहरा केला. का, तर मी दोनशे प्रतींवर सह्या करून पाठवल्या म्हणून. मी एकही सही केलेली नाही. त्यांनी गठ्ठा उघडून दाखवला. 'मधली', 'मधली', 'मधली', दोनशे वेळा. अक्षर माझं आहे, ताई. माझा 'ध' जसा पोटाशी चेपतो तसाच चेपलेला. मी गठ्ठा पुन्हा बांधून त्यांच्या टेबलावर ठेवला आणि निघाले.

मला भीती वाटते. भामटीची नाही, तुझी वाटते. आई-बाबा गेले, लग्न मी केलं नाही. मी कधीतरी लहान होते हे आठवणारं या जगात एकच माणूस उरलंय, ते तू. तू मला धाकटी म्हणतेस म्हणून मी कुणाची तरी धाकटी आहे. ते गेलं तर माझ्याकडे नुसत्या दुसऱ्यांच्या कवळ्या उरतील.

आठव ना. शाळेत जाताना तू माझ्या वेण्या इतक्या घट्ट घालायचीस की माझ्या भुवया वर जायच्या. मला मांडीवर घेऊन माझी बोटं तुझ्या बोटांवर ठेवून तू टाइप करायचीस. ती मी होते.

एक कर. क्लासचं वाक्य आजपासून बंद. आणि तुझ्या हातानं, यंत्रावर नाही, कागदावर लिही. 'आम्ही दोघी बहिणी. मी थोरली आणि ती धाकटी.' चाळीस वेळा. लिहून मला पाठव.

धाकटी

२० ऑगस्ट

धाकटी,

हे पत्र टाइप केलेलं आहे म्हणून चकित होऊ नकोस. डोळ्यांमुळे मी सांगते आणि ती टाइप करते. तुझी पत्रंही तीच वाचून दाखवते.

तू म्हणालीस तसं लिहायला बसले. 'आम्ही दोघी बहिणी' इथवर झरझर आलं. 'मी थोरली आणि' इथे हात थांबला. पेन कागदावर टेकवून बसले, शाई पसरली, तरी पुढचा शब्द येईना. मग तिनं मागून येऊन माझ्या हातावर हात ठेवला आणि ओळ पुरी झाली. 'मी थोरली आणि ही मधली.' चाळीस वेळा लिहिलं. सोबत पाठवते आहे.

वेण्यांचं वाचून आम्ही दोघी खूप हसलो. तिला सगळं आठवतं, कुठल्या रिबिनी होत्या तेसुद्धा. तिच्याच वेण्या होत्या ना.

तीस तारखेला आम्ही दोघी येतो आहोत. प्रकाशकांचं निमंत्रण आलं आहे, राहायची सोयही त्यांनीच केली आहे. तू जिथून पत्रं पाठवतेस त्याच गावी समारंभ आहे, तेव्हा तुलाही यायला सोपं पडेल.

थोरली

१ सप्टेंबर

ताई,

पाकिटावर तुझं नाव लिहिलं आहे. तूच उघड. तिच्या हातात देऊ नकोस.

परवा तू मला पाहिलंस. मी निळी साडी नेसले होते, तीच जी तू मला पहिल्या पगाराच्या वेळी घेऊन दिली होतीस. दाराशी प्रकाशक उभे होते. मी म्हटलं, अहो, मी आले. ते माझ्याकडे बघत राहिले, ओळखीचं माणूस आठवताना बघतात तसे, आणि म्हणाले, "या या. मागच्या रांगांत बरीच जागा आहे." तीन महिने मी त्या माणसासमोर बसून पानं तपासली आहेत. स्टेजवर ती होती. मी लिहिली तशी, केसांच्या भांगापर्यंत.

मी पुढे तुझ्यापाशी आले. 'ताई' म्हटलं. तू वर बघून हसलीस. नवीन विद्यार्थिनींच्या आयांकडे बघून हसतेस ते हसू. म्हणालीस, "बसा ना. वाचलंत का पुस्तक? धाकटीचं किती गोड आलंय, नाही?"

मग तिनं वाचून दाखवलं. घर सोडतानाची ती दोन पानं. लोक रडत होते. मीही रडले, काय करू, चांगलीच झाली आहेत ती पानं. वाचताना तिनं एकदाच मान वर केली आणि सरळ माझ्याकडे पाहिलं. त्या सगळ्या सभागृहात मला ओळखणारी ती एकटीच होती.

आता शेवटचं सांगते. मला कळून चुकलंय की मी काहीही सांगितलं तरी ते पुस्तकात आहे, कारण मीच सगळं त्यात घातलं. पण एक गोष्ट मी घातली नाही. लाज वाटली म्हणून. मी दहा वर्षांची होते. तुझ्या नावानं नेमणुकीचं पत्र आलं, दूरच्या शहरातल्या मोठ्या कचेरीतून. तू जाणार हे मला कळलं आणि मी ते पत्र तुझ्या जुन्या यंत्राच्या खोक्यात, तळच्या कापडाखाली लपवलं. तुला ते सापडलं तेव्हा मुदत उलटून गेली होती. माझ्या तोंडाकडे बघूनच तुला समजलं. तू मला मारलं नाहीस, बाबांना सांगितलं नाहीस. म्हणालीस, "मलाच जायचं नव्हतं गं." आणि पुढच्या महिन्यात पुढच्या खोलीत क्लास सुरू केलास. तुझं सगळं आयुष्य त्या खोलीत गेलं, ते माझ्यामुळे. मी त्याबद्दल कधी बोलले नाही, तूही नाही. हे फक्त तुला आणि मला माहीत आहे.

येत्या रविवारी सकाळी मी येते. दार तू उघड.

तुझी, तुझीच
धाकटी

१६ सप्टेंबर

स. न. वि. वि.

आपली सगळी पत्रं पोचली. उत्तराला उशीर झाला, राग नसावा. पुस्तक आल्यापासून रोज इतकी पत्रं येतात की मी सांगते आणि धाकट्या बहिणीचे, म्हणजे मधलीचे, टाइप करून करून हात दुखतात.

आपण रविवारी घरी येऊन गेलात. आपल्याला दारातूनच परत पाठवावं लागलं याचं मला वाईट वाटतं. मी तर म्हणत होते, आत घेऊ या, पाणी तरी देऊ या. आपण ती हलणारी फरशी चुकवून वर आलात, दिव्याचं बटण दाराआड आहे तिथे न चाचपडता हात नेलात, हे बघून माझ्या अंगावर काटा आला होता. नंतर मधलीनं मला पुस्तक उघडून दाखवलं. फरशी पान सतरावर आहे, बटण पान एकोणचाळीसवर. ती म्हणते, काही वाचक असे पुस्तकात शिरतात की त्यांना परत बाहेर येता येत नाही, त्यांच्याशी प्रेमानं वागावं पण दार उघडू नये. या बाबतीत तिला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आपण लिहिलेली नोकरीच्या पत्राची गोष्ट मात्र पुस्तकात नाही. ती तिनं मला दोनदा वाचून दाखवली.  मला एक नोकरी चालून आली होती, आणि पत्र हातात पडलं तेव्हा मुदत गेली होती, हे आठवतं. खोक्याच्या तळाचं कापडही आठवतं. तिथे कुणीतरी उभं होतं, ओठ घट्ट मिटून, एवढंच नजरेसमोर येतं, तोंड काही दिसत नाही. मधली म्हणाली, पोस्टाचा घोळ झाला असेल, त्या काळी फार व्हायचे. असेल तसंच.

पण गोष्ट तिला अतिशय आवडली. दुसरी आवृत्ती निघते आहे, तीत हा प्रसंग धाकटीच्या तोंडी घालणार आहे. आपली हरकत नसावी. आता आपल्याकडे अशी आणखी एखादी गोष्ट राहिली असेल तर अवश्य लिहून पाठवा, असं तिनं सांगितलं आहे.

आपण स्वतःला त्रास करून घेऊ नये म्हणून स्पष्टच लिहिते. आम्ही दोघी बहिणी. मी थोरली, ही मधली. धाकटी तिनं कल्पनेनं रचलेली आहे. जाताना आपण फाटकापाशी वळून मला 'ताई' म्हणालात, तेव्हापासून माझं कशात लक्ष लागत नाही. क्लासमध्ये मध्येच उठून दाराशी जाते. अशी एक धाकटी आम्हाला खरोखर असती, तर किती बरं झालं असतं.

आपली,
थोरली